दूधआजीची भिंत

मुअल्लाने स्वतःहून भांडी घासायला घेतली, तेव्हाच रेफिकाच्या मनात पाल चुकचुकली.

चौतीस वर्षांत या नणंदेने या घरात साधा पेला विसळला नव्हता. यायची, बसायची, चहा प्यायची, आईच्या उशाशी दोन टिपं गाळायची आणि संध्याकाळच्या बसने इझमितला परत जायची. आज मात्र बाह्या कोपराच्या वर सारून ती हलव्याचं मोठं पातेलं घसाघसा घासत होती. बुडाला करपलेला रवा चिकटला होता, तो नखाने खरवडत होती.

"राहू दे, मी करते नंतर," रेफिका म्हणाली.

"तू किती करशील, येंगे? सकाळपासून उभीच आहेस."

येंगे म्हणजे भावाची बायको. शब्द साधाच, पण सहा वर्षांपूर्वी रेफिकाचा नवरा साब्री गेला त्या दिवसापासून मुअल्लाने तो तोंडातून काढला नव्हता. तेव्हापासून रेफिका म्हणजे नुसती 'ती' होती. 'तिला सांग आईला औषध दे.' 'तिला विचार चादरी कुठे आहेत.'

बाहेरच्या खोलीतून शेवटच्या बायका निघत होत्या. सासूबाईंचा, वेसिले हानमचा, चाळिसावा दिवस नीट पार पडला होता. होजांनी, म्हणजे मौलवींनी, पठण केलं, सगळ्यांच्या तळहातांवर गुलाबपाणी शिंपडलं गेलं, हलव्याच्या पुड्या वाटून झाल्या. गल्लीत राहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तरी जी बुर्सा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती, तीही दोन बस बदलून आली होती. जाताना प्रत्येकीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे एकदा पाहिलं आणि मान हलवली. एकीने तर विचारलंच, "अजून उभी आहे का गं दूधआजी?"

उभी होती. मागच्या अंगणाच्या पलीकडे पंधरा पावलांवर आठ कोनांची ती दगडी कबर-इमारत होती. कागदोपत्री तिचं नाव सफीनाज हातूनचा मकबरा. पाचशे वर्षांपूर्वी कुणा शहजाद्याला अंगावर पाजणारी दाई तिथे पुरलेली होती. गल्लीतल्या बायका मात्र तिला दूधआजीच म्हणत. बाळंतिणीला दूध आलं नाही की तिथे जायचं, जाळीपाशी साखरेचा खडा ठेवायचा, उलट पावली परत यायचं. आता तिच्या तिन्ही बाजूंना बांधकाम कंपनीच्या निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं. चौथी बाजू म्हणजे हे घर. गल्लीतलं शेवटचं.

साब्रीचे पणजोबा या मकबऱ्याचे राखणदार. एकोणीसशे पंचवीस साली सरकारने देशभरचे मकबरे बंद केले, राखणदारी गेली, पगार गेला, पण दाराची चावी कुणी परत मागितली नाही. ती घरातच राहिली आणि झाडलोटही घराकडेच राहिली. आधी पणजीने केली, मग आजीने, मग वेसिले हानमने आणि गेली एकतीस वर्षं रेफिकाने. मधल्या काळात एका हिवाळ्यात घुमटावरचं शिसं कुणीतरी रातोरात सोलून नेलं. त्यावर सिमेंट थापण्यात आलं. सिमेंटच्या फटीत अंजिराचं रोप उगवलं, ते दर वर्षी उपटावं लागे. आतल्या निळ्या फरशांमधल्या अकरा गायब झाल्या. सरकारने 'संरक्षित स्मारक' अशी पितळी पाटी लावली, तीही चोरीला गेली.

मुअल्लाने पातेलं पालथं घातलं आणि हात पुसत म्हणाली, "कुताय बे येतोय. दुखवट्याला."

"कोण कुताय बे?"

"कंपनीचा इंजिनियर गं. चांगल्या घरचा मुलगा आहे. आईचा चाळिसावा आहे म्हटल्यावर म्हणाला, येऊन जातो."

रेफिकाने चहाच्या दोन किटल्या एकावर एक रचून गॅसवर ठेवल्या. "घराच्या करारावर सह्या तर झाल्यात तुमच्या. तुझी झाली, नेज्मी आबींची झाली, बेर्रिनचीही झाली. मग आता दुखवटा कशाला?"

 मुअल्ला पेले मोजू लागली, आणि तेही चुकीचे.

*

कुताय बे, म्हणजे कुताय साहेब, येताना चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेऊन आला. वय असेल बत्तीस-तेहतीस. बूट दाराबाहेर काढले, मोजे स्वच्छ होते. नेज्मीच्या हाताचं चुंबन घेऊन तो त्याने कपाळाला लावला, मयताबद्दल दोन शब्द बोलला. ते पाठ केलेले असले तरी नीट बोलला. साब्रीचा थोरला भाऊ नेज्मी, रेफिकाचा 'आबी', कापडगिरणीत चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. एक कान पार गेलेला, त्यामुळे साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटे.

"बस रे पोरा! रेफिका, चहा आण याला!"

रेफिकाची मुलगी बेर्रिन खिडकीपाशी बसली होती. तिची पाच वर्षांची दुरू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, पायातल्या बुटांसकट. रेफिकाने ते पाहिलं. सकाळपासून त्या पोरीने बूट काढू दिले नव्हते.

चहा झाला. मग कुताय बेने पिशवीतून एक फाईल काढली आणि ती नेज्मीसमोर न ठेवता सरळ रेफिकासमोर ठेवली.

"रेफिका हानम, तुमच्याकडे एक छोटंसं काम होतं."

"माझ्याकडे?"

"स्मारकांच्या कार्यालयात ब्याण्णव सालचा कागद निघाला. मकबऱ्याची स्वयंसेवी देखभाल करणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे. फक्त तुमचं. इथे जमिनीखाली तीन मजली पार्किंग जाणार आहे, त्याच्या परवानगीआधी त्यांना तुमचा जबाब हवा. भिंतीला तडा कधीपासून आहे, एवढंच."

रेफिकाने कागद हातात घेतला. चष्मा लावला. ती वाचेपर्यंत कुणी पेल्यातला चमचाही हलवला नाही. कागदात लिहिलं होतं की उत्तरेकडच्या भिंतीचा तडा नव्याण्णवच्या भूकंपात पडला. तेव्हापासून तो सतत रुंदावत गेला. निरीक्षणासाठी लावलेल्या काचा कित्येक वर्षांपूर्वीच फुटल्या आणि आज एकही शिल्लक नाही.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"यात खोटं काय? तडा नव्याण्णवचाच ना?" मुअल्ला म्हणाली.

"तडा नव्याण्णवचा. पण साब्रीने दुसऱ्याच दिवशी त्यावर आडव्या तीन काचा बसवल्या. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. चोवीस वर्षं तिन्ही शाबूत होत्या. या गेल्या जूनमध्ये यांचं खांब ठोकायचं मशीन आलं शेजारच्या प्लॉटवर. आठवड्यात दोन फुटल्या. तिसरी अजून आहे. या, दाखवते. आत्ता चला पाच मिनिटं, बघून घ्या!"

कुताय बेने नजर खाली केली. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो आला होता.

"हानम, मकबरा कुणी पाडत नाहीये. तो राहणारच. प्रश्न एवढाच, की तडा आमच्यामुळे आहे असं ठरलं तर काम थांबेल. किती वर्षं, ते कुणीच सांगू शकत नाही. आणि जुनाच आहे असं ठरलं तर आम्ही खोदू. काळजी घेऊन."

"जूनमध्ये घेतलीत तशी?"

"रेफिका!" नेज्मी ओरडला. तो ओरडला की बोलला, ते कळायला मार्ग नव्हता. "मुलगा पाहुणा आहे आपल्याकडे."

रेफिकाने चष्मा काढला. "आबी, या घराचे तीन वाटे झाले. तुमचा एक, मुअल्लाचा एक, आणि साब्री आईआधी गेला म्हणून त्याचा थेट बेर्रिनला गेला. कायद्याने मी कुणी नाही. ते मी मान्य केलं, एक अक्षर बोलले नाही. तुम्ही सह्या करून आलात ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. आणि आज मात्र माझ्या सहीशिवाय तुमचं अडलंय?"

"तुझ्या नावावर घर नाही म्हणून डूख धरतेस होय?" मुअल्लाचा आवाज चढला. 'येंगे' हा शब्द आता कुठल्या कुठे गेला होता. "आईची शेवटची इच्छा होती ही. मला म्हणाली होती, पोरांचं भलं होईल ते करा."

"कधी म्हणाली?"

"शेवटी."

"शेवटचे अकरा दिवस त्यांची वाचा गेली होती, मुअल्ला. पाणी हवं असेल तर त्या चादरीचं टोक ओढायच्या. तू नवव्या दिवशी आलीस."

मुअल्लाचा चेहरा पांढरा पडला. "तू मला आईवरून बोलणार? तू, इनेगोलच्या खेड्यातून आलेली..."

"आत्या, पुरे!" बेर्रिन उठली. दुरूचं डोकं तिने हळूच उशीवर टेकवलं होतं. "आईला काही बोलायचं नाही. आजीची घाण तिने काढली, तू नाही. तुला इथे येऊन रडायला जागा होती ती आईमुळे."

रेफिकाच्या छातीत एकदम ऊब आली. पोरीने सही केल्यापासून दोघींमध्ये बोलणं धड झालं नव्हतं. आता वाटलं, आपली मुलगी आपल्या बाजूला येऊन उभी राहिली.

मुअल्ला मात्र रागाने काही बोलली नाही. ती खुर्चीत मागे टेकली, आणि जे बोलली ते अगदी हळू.

"तुम्हाला सगळ्यांना ती भिंत दिसते. नव्याण्णवला इझमितमध्ये माझं घर माझ्या अंगावर बसलं. नऊ तास मी खाली होते. शेजारची मूल पाजणारी बाई पहिले तीन तास बोलत होती माझ्याशी, भिंतीपलीकडून. मग नाही बोलली. आई इथे दूधआजीच्या जाळीला धरून बसली होती म्हणे नऊ तास. तिला वाटायचं मी त्यामुळे वाचले. मला तसं कधी वाटलं नाही. ती शेजारीण का नाही मग वाचली? तिच्या अंगावर तर दूध होतं." तिने डोळे पुसले नाहीत. "मला पक्कं घर पाहिजे. मरेपर्यंत एक पक्कं घर. त्यासाठी मला काय म्हणायचं ते म्हण."

नेज्मीला यातलं बरंचसं ऐकू आलं नसावं. तरी त्याने मान खाली घातली.

रेफिकाने कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

*

मकबऱ्यात गारठा होता. नोव्हेंबरचं ऊन फक्त वरच्या झरोक्यांपर्यंत पोचत होतं. हिरव्या कापडाखाली तीन लाकडी समाध्या होत्या. मधली मोठी दूधआजीची. बाजूच्या दोन कुणाच्या, हे पणजोबांनाही ठाऊक नव्हतं असं साब्री सांगायचा. उत्तरेच्या भिंतीतून घुमटापासून खाली येणारा तडा आता इतका रुंद होता की त्यातून पत्र्याचा निळा रंग दिसे. पहिल्या दोन काचांच्या जागी चुन्याचे ठिपके उरले होते. सगळ्यात वर तिसरी काच होती, चार बोटं रुंद, धुळीने मळलेली.

दार करकरलं. बेर्रिन आत आली.

"दुरू?"

"आत्या बसलीय तिच्याजवळ."

 रेफिका म्हणाली, "तुझ्या वेळी मला तीन दिवस दूध आलं नव्हतं. तू रडून रडून निळी पडलीस. तुझ्या आजीने मला शालीत गुंडाळून इथे आणलं. बर्फ पडत होता. चौथ्या दिवशी..."

"माहीत आहे, आई."

"मी काही वेडी नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, कधीकधी उशिरा येतं. ते खरंही असेल. पण मी इथे उभी होते आणि दूधआजी खाली होती. आणि तिने कधीकाळी कुणा परक्याचं पोर पाजलं होतं. एवढं मला पुरलं. गेल्या महिन्यात ती खालच्या गल्लीतली सीरियन पोरगी आली होती बाळ घेऊन. भाषा येत नव्हती तिला. पण कसं उभं राहायचं ते कुणीतरी सांगितलं होतं."

बेर्रिनने आईचा हात धरला. तो धरण्याच्या पद्धतीवरूनच रेफिकाला कळलं. छातीतली ऊब गेली.

"आई, सही कर."

रेफिकाने हात सोडवून घेतला.

"आमच्या बिल्डिंगला धोकादायक म्हणून लाल पाटी लागलीय. तुला सांगितलं नाही. खालच्या दुकानदाराने दुकान मोठं करायला मधला खांब छाटून टाकलाय. खांबच, आई! वर पाच मजले आम्ही. फेब्रुवारीतल्या भूकंपाचे ते टीव्हीवरचे ढिगारे दुरूने पाहिले, तेव्हापासून बूट काढत नाही. मी काढले तर रडते, म्हणते, खाली काचा असतील. तिचा बाबा म्हणतो सवय होईल. मला नाही होत. मी अंथरुणावरून जिन्यापर्यंतची पावलं मोजते. सत्तावीस होतात. तिला उचलून घेतलं की एकतीस."

"भाड्याने दुसरीकडे..."

"कुठे? जे परवडतं ते सगळं तसंच आहे. कंपनी म्हणते, परवानगी आली की त्या आठवड्यात त्यांच्या तयार इमारतीत तात्पुरता फ्लॅट देतो, तळमजल्यावर. मग इथे बांधून झालं की इथला. परवानगी नाही आली तर करार रद्द."

"मग आत आत्यापुढे तू माझी बाजू घेतलीस, ते..."

"ते खरं होतं. हेही खरं आहे." बेर्रिन म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर मी तुला काही बोलणार नाही. जन्मात नाही. पण मी विचारलं नाही असं नको व्हायला."

बाहेर कुणीतरी खोकलं. नेज्मी दाराशी आला होता. विझवलेली सिगरेट त्याने खिशात घातली, बूट उंबऱ्याशी काढले. आत येऊन त्याने घुमटाकडे पाहिलं. कित्येक वर्षांत तो इथे आला नव्हता. आत येताच त्याचा आवाज एकदम लहान झाला. घुमटाखाली बोललेलं बहिऱ्या कानालाही परत ऐकू येत असावं.

"मी आणि साब्री इथे लपायचो. अब्बा पट्टा घेऊन शोधायचे. इथे मारायचे नाहीत ते. बाहेर येईपर्यंत थांबायचे, बिचारे." त्याने तडा पाहिला, बराच वेळ पाहिला. "एवढा झालाय?"

"जूनपासून," रेफिका म्हणाली.

"मला वाटलं होतं बारीकसा असेल." तो मान हलवत राहिला. "राहू दे, रेफिका. नको करूस सही. मी सांगतो त्या पोराला. पुढच्या महिन्यात बघू म्हणावं."

बेर्रिनने चुलत्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती रडली नाही. तिने फक्त स्वतःचे दोन्ही दंड हातांनी धरले, जशी ती लहानपणी थंडीत धरायची.

"पुढच्या महिन्यात काय बदलणार आहे, आबी?" रेफिकाने विचारलं.

नेज्मी खिशातली विझलेली सिगरेट चाचपू लागला.

"तुम्ही आज नाही म्हणाल, परवा मुअल्ला फोन करेल, आणि तुम्ही हो म्हणाल. ते मशीन थांबणार नाहीये. ही अशीही पडणार, तशीही पडणार. माझी सही नसेल तर पाच वर्षं जास्त पत्र्यात उभी राहील, एवढंच. आणि ही पोर पाच वर्षं पावलं मोजेल." ती हे नेज्मीला सांगत होती, पण पाहत होती ती मधल्या समाधीकडे. "चला. चहा निवला असेल त्याचा."

*

तिने सही केली तेव्हा कुणालाच आनंद झालेला दिसला नाही. मुअल्ला खिडकीबाहेर पाहत राहिली. कुताय बेने कागद दोनदा तपासला, आभार मानले, आणि उठता उठता अडखळला.

"ती एक काच... मी उद्या माणूस पाठवतो काढायला."

"कुणाचा हात लागायचा नाही तिला," रेफिका म्हणाली. "मी काढते. आत्ताच."

"मी काढतो," नेज्मी म्हणाला.

"तुमचे गुडघे चालत नाहीत, आबी."

कोठीतून तिने लाकडी शिडी काढली. बेर्रिनने खालून धरली. कुताय बे दारापर्यंत आला, आत मात्र शिरला नाही. साब्री आयुष्यभर काचा कापायचा, काच कशी बसवायची हे त्याला ठाऊक होतं. चुना दगडासारखा झाला होता. रेफिकाने सुरीचं टोक कडेने फिरवलं, पुन्हा फिरवलं. बोटाला लागलं, तरी थांबली नाही. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने धूळ पुसली तेव्हा कोपऱ्यात काळ्या रंगातली अक्षरं वर आली. अठरा ऑगस्ट नव्याण्णव. त्याखाली एक 'सा'. तारखेचा नऊ त्याने उलटा काढून मग सुधारला होता. घाईत होता तो त्या दिवशी. सगळं शहर रस्त्यावर झोपलं होतं, धक्के चालूच होते. ती खाली शिडी धरून ओरडत होती, अरे उतर, घुमट कोसळेल अंगावर. आणि तो वरून हसून म्हणाला होता, "थांब गं, म्हातारीला विचारून घेतो कुठे दुखतंय."

काच अखंड निघून आली. तिने ती हातात धरली आणि शिडीवरच उभी राहिली.

"आई, ये ना खाली," बेर्रिन म्हणाली.

"येते."

पण उतरायला तिला खूप वेळ लागला. खाली आल्यावर तिने काच भिंतीच्या कडेला उभी केली आणि पायाने तुडवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तुडवायला काही उरलं नव्हतं. नेज्मीने तोंड दुसरीकडे केलं. कुताय बे केव्हाच निघून गेला होता.

*

परवानगी तीन आठवड्यांत आली. जानेवारीत घर पाडलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी आठच्या सुमाराला, घुमटाचा उत्तरेकडचा भाग आत बसला. कुणाला इजा झाली नाही, असं वर्तमानपत्रात आलं. बातमी चार ओळींची होती. नेज्मीने ती फोनवर वाचून दाखवली, पुन्हा वाचून दाखवली, मग म्हणाला, "ऐकतेस ना?" आणि फोन ठेवला. मुअल्लाचा फोन आला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी स्मारकांच्या कार्यालयातून एक बाई आल्या. एसिन हानम. बांधकामाच्या चिखलाने त्यांचे बूट माखले होते आणि केसांत चुन्याची पूड होती. कंपनीने दिलेला तात्पुरता फ्लॅट नवा होता, भिंतींना अजून रंगाचा वास होता, तळमजला. बेर्रिनने त्यांना पाहिलं आणि ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"रेफिका हानम, मी तिकडूनच येतेय," एसिन हानम म्हणाल्या. बसायच्याही आधी. "अर्धा भाग अजून उभा आहे. फरशाही बऱ्याच वाचल्यात. आजच्या आज खोदकाम थांबवलं तर टेकू देता येतील. मी भिंतीचा काठ पाहिला, दगडाची फोड ताजी आहे, चोवीस वर्षांची नाही. पण माझं एकटीचं मत चालत नाही. फाईलमध्ये तुमचा जबाब आहे." त्यांनी कागद काढला. "हा तुम्ही तुमच्या मनाने दिलात का? कुणी दबाव आणला असेल, तुम्ही वाचला नसेल, काहीही असेल, तर आत्ता सांगा. इथेच दुसरा लिहून घेते. तुम्हाला त्रास होणार नाही, हे मी बघेन."

त्या तरुण होत्या.  रेफिकाला वाटलं, ही पोरगी आज सकाळपासून जेवलेलीही नसेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कार्यालयातून कुणीतरी आलं होतं.

आतल्या खोलीत दुरू गाणं म्हणत होती, शाळेतलं, शब्द चुकवत. बेर्रिन ट्रे घेऊन तशीच उभी होती. तिने आईला खूण केली नाही, मान हलवली नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

"वाचूनच दिला," रेफिका म्हणाली.

"म्हणजे तडा..."

"जुनाच होता."

"हानम, माझ्याकडे दुसरं काही नाही थांबवायला. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

एसिन हानमनी कागद फाईलमध्ये सरकवला. तो नीट सरकेना, कोपरा दुमडला, त्यांनी तसाच राहू दिला. बेर्रिनने डोळे उघडले आणि ट्रे टेबलावर ठेवला. पेले एकमेकांवर वाजले. चहा कुणी उचलला नाही.

दाराशी गेल्यावर त्या पुन्हा वळल्या. "मग शुक्रवारी आतल्या कबरी हलवणार आहोत. शहराबाहेरच्या कब्रस्तानात जागा मिळालीय. होजा येतील, आमची दोन माणसं असतील. तुम्ही एकतीस वर्षं पाहिलंत त्यांचं. उचलताना घरचं कुणीतरी असावं असं मला वाटतं. मी गाडी पाठवू का?"

 रेफिकाने दाराची कडी हातात धरली आणि ती म्हणाली, "तुम्ही आहात तेवढ्यांनी करा, बाई. घरचं तिचं आता कुणी नाही."